धुराची पेटी आणि दिव्याची पेटी

मराठीच्या शिक्षकाने वार्षिक अंकात विजेवर लेख लिहावा, ही गोष्ट तुम्हांस काहीशी विपरीत वाटेल. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. विजेला समानार्थी शब्द विचारलेत, तर चपला, सौदामिनी, तडिता असे तीन-चार चटकन सांगू. परंतु तीच वीज तारेतून कशी वाहते, हे विचारलेत तर परवापरवापर्यंत आम्ही निरुत्तर झालो असतो. गेल्या हिवाळ्यात एका कंपासपेटीने आम्हांस पुन्हा विद्यार्थी केले. त्या पेटीची ही हकिगत आणि तिच्यापासून आम्ही घेतलेला हा पाठ.

डिसेंबरातील सकाळ होती. जयेंद्रगंजातील गल्ल्यांवर दाट धुके उतरले होते. अशा दिवसांत प्रार्थनेच्या रांगेत उभी असलेली लहान मुले तोंडातून वाफ सोडतात आणि दोन बोटे ओठांशी धरून विडी ओढल्याचा आव आणतात. तो खेळ आम्ही दरवर्षी पाहतो आणि हसून सोडून देतो. त्या दिवशी मात्र दहावीच्या वर्गात शेवटच्या बाकावरून पिकलेल्या आंब्याचा वास आला. ग्वाल्हेरच्या थंडीत आंबा कोठला? आम्ही जवळ गेलो, तेव्हा एका मुलाने कंपासपेटी मांडीखाली दडविली. ती उघडली, तर आत ना कर्कटक, ना कोनमापक. आत दोन जाड विद्युत घट, एक बटण, तांबड्या-काळ्या तारा आणि झाकणातून वर आलेली एक धातूची नळी होती. घरी बनविलेली ती विजेची सिगारेट होती.

आम्ही संतापलो. त्यावर तो मुलगा खालच्या मानेने म्हणाला, “सर, मला ती ओढायची नव्हती, बनवायची होती.” आम्हांस ते उत्तर उद्धटपणाचे वाटले. आम्ही पेटी जप्त केली, शिक्षकांच्या खोलीतील कपाटात ठेवली, तिच्यावर सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ठेवला आणि कुलूप लावले. आपले कर्तव्य पार पडले, अशी आमची समजूत झाली.

मधल्या सुट्टीनंतर कपाटातून करपल्याचा वास येऊ लागला. विज्ञानाचे आमचे सहकारी धावत आले. त्यांनी जाड फडक्यात धरून ती पेटी मैदानाच्या कडेला वाळूवर नेऊन ठेवली आणि पक्कडीने एक तार तोडली. गठ्ठ्याच्या वजनाने पेटीचे बटण दाबले गेले होते आणि ते तसेच दाबलेले राहिले होते. सर्वांत खालच्या उत्तरपत्रिकेचे पान तपकिरी होऊन गेले होते. आणखी थोडा वेळ गेला असता, तर काय झाले असते याची कल्पना सहकाऱ्यांनी आम्हांस दिली, तेव्हा आमचे हातपाय गार पडले. मुलाने पेटी बनविली, ही त्याची चूक. ती काय आहे हे न जाणता आम्ही ती कागदांखाली कोंडली, ही आमची चूक. दोन्ही चुकांचे मूळ एकच होते, ते म्हणजे अज्ञान.

शाळा सुटल्यावर आम्ही तिघे विज्ञानाच्या खोलीत बसलो. शिक्षेचा विचार दुसऱ्या दिवसावर ठेवला. पुढे जे लिहिले आहे, ते त्या संध्याकाळी आणि नंतरच्या काही शनिवारी आम्ही शिकलो.

पेटीत काय असते?

विजेवर चालणाऱ्या धूररहित सिगारेटची कल्पना जुनी आहे. हर्बर्ट गिल्बर्ट या अमेरिकन गृहस्थास १९६५ साली अशा साधनाचे पेटंट मिळाले होते. परंतु ते बाजारात रुजले नाही. पुढे २००३ साली होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञाने आजच्या स्वरूपाचे साधन तयार केले. त्याचा आकार लेखणीएवढा; आतील घटही लहान व लवकर संपणारे. तेव्हा परदेशांतील हौशी लोकांनी विजेरीच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमच्या डब्या घेऊन त्यांत मोठे घट बसविण्यास प्रारंभ केला. अशा घरगुती डबीस तिकडे ‘बॉक्स मॉड’ असे नाव पडले. आमच्या विद्यार्थ्याने भ्रमणध्वनीवरील चित्रफितींत हेच पाहिले होते. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून त्याने घट काढले, महाराज बाड्यावरून तार आणि बटण आणले. आंब्याच्या वासाचा द्रव दूरच्या नात्यातील एका थोरल्या मुलाने दिला.

तत्त्व अगदी सोपे आहे. नायक्रोमसारख्या मिश्रधातूच्या तारेचे एक लहान वेटोळे असते. त्यातून कापसाची वात ओवलेली असते, आणि ती वात ग्लिसरीन व तत्सम द्रवात भिजलेली असते. बटण दाबले की घटातील वीज वेटोळ्यातून वाहते, वेटोळे तापते, द्रवाची वाफ होते आणि ती वाफ थंड होताच तिचे सूक्ष्म तुषार बनतात. प्रार्थनेच्या रांगेत मुलांच्या तोंडून निघते तेही तुषारांचे धुकेच. परंतु ते निव्वळ पाण्याचे असते. या धुक्यात मात्र ग्लिसरीन, सुगंधी द्रव्ये आणि बहुधा निकोटीन असते.

नायक्रोमच्या तारेशी तुमची ओळख जुनीच आहे. घरातील इस्त्री आणि थंडीतील हीटर यांत तीच तार असते. आता एक गणित करू.

वेटोळ्याचे गणित

जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली आपला नियम प्रसिद्ध केला. विभवांतरास रोधाने भागले की विद्युतधारा मिळते, एवढाच तो नियम. तुमच्या क्रमिक पुस्तकात तो आहे आणि परीक्षेपुरता तुम्हांस पाठही आहे.

खोलीतील हीटर १००० वॅटचा असला आणि घरातील वीज २३० व्होल्टची असली, तर त्यातून सुमारे ४.३ अँपिअर धारा वाहते. आता पेटीकडे पाहू. विद्यार्थ्याने आपले दोन घट शेजारी शेजारी, म्हणजे समांतर जोडले होते. म्हणून विभवांतर एका घटाएवढेच राहिले. पूर्ण भरलेल्या लिथियम घटाचे विभवांतर ४.२ व्होल्ट असते. वेटोळ्याचा रोध विज्ञान-शिक्षकांनी मोजला. तो सुमारे अर्धा ओहम भरला. ४.२ भागिले ०.५, म्हणजे ८.४ अँपिअर! सारी खोली ऊबदार करणाऱ्या हीटरच्या जवळजवळ दुप्पट धारा त्या चिमुकल्या पेटीतून वाहत होती.

येथे एक शंका कोणीही काढील. धारा दुप्पट, मग उष्णता हीटरहून कमी कशी? कारण उष्णतेची शक्ती विभवांतर आणि धारा यांच्या गुणाकाराने ठरते. ४.२ गुणिले ८.४ म्हणजे सुमारे ३५ वॅट. ऐकावयास ही संख्या लहान वाटते. परंतु आमच्या प्रयोगशाळेतील कथलाचा डाग देण्याची इस्त्री अवघी २५ वॅटची आहे, आणि ती कथिल पाण्यासारखे पातळ करते. तिच्याहून अधिक शक्ती ओठांपासून दोन-तीन बोटांवर ठेवावयाची, असा हा खेळ आहे.

आणि वेटोळ्याचे दोन फेर एकमेकांस चिकटून रोध अर्ध्याऐवजी एक दशांश ओहम झाला तर? नियमाप्रमाणे धारा ४२ अँपिअर येते. साधा घट एवढी धारा देऊ शकत नाही. ती देण्याच्या प्रयत्नात तो स्वतःच तापू लागतो. “तू रोध मोजला होतास का?” असे सहकाऱ्यांनी विचारले. मुलगा म्हणाला, “नाही सर. चित्रफितीत मोजत होते, पण माझ्याकडे मीटर नव्हता.” ज्या परदेशी हौशी लोकांचे पाहून त्याने पेटी बनविली, ते मोजमापाचा पहिला नियम पाळतात, मुलाने तो नियम गाळून बाकी सारे उचलले होते.

घटाच्या पोटात

लिथियम-आयन घट १९९१ साली जपानमध्ये प्रथम विक्रीस आले. त्यांच्यासाठी मूलभूत कार्य करणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांस २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या पेटीतील घटांचे नाव ‘१८६५०’. व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर, यावरून ते पडले आहे.

या घटात धन व ऋण अशा दोन पट्ट्या गुंडाळलेल्या असतात, आणि त्यांच्यामध्ये केसाहूनही पातळ असा प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. सर्व भिस्त त्या पापुद्र्यावर. घट ठेचला, टोचला किंवा फार तापला की पापुद्रा फाटतो, दोन्ही पट्ट्या आतल्या आत भेटतात आणि उष्णता वाढत जाते. उष्णतेने रासायनिक क्रिया वेग घेते, त्या क्रियेने आणखी उष्णता निर्माण होते. गवताची एक गंजी पेटली की शेजारची पेटते, तसे हे चक्र एकदा सुरू झाले की बटण सोडूनही थांबत नाही. आतील द्रव ज्वलनशील असल्याने शेवटी भडका उडतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातील अशा सिगारेटींच्या आगी व स्फोटांच्या १९५ घटना नोंदविल्या. त्यांतील अनेक घटनांत ते साधन खिशात होते किंवा वापरात होते.

कारखान्यातील चांगल्या साधनात धारा बेताबाहेर गेली की मंडल तोडणारी चकती असते. आमच्या कंपासपेटीत तशी काहीच योजना नव्हती. शिवाय पेटी पत्र्याची, म्हणजे स्वतःच विजेची वाहक! एखाद्या तारेचे वेष्टन कडेवर घासले जाते, तर सारी पेटीच मंडलाचा भाग झाली असती.

श्वासाचे काय?

मुलगा म्हणाला, “सर, आंब्याचा वास तर सरबतातही घालतात, मग त्यात काय विष असणार?” हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो, कारण अनेक सुशिक्षित पालकही तो विचारतात. पोटात जाणारी वस्तू आणि फुप्फुसात जाणारी वस्तू यांची कसोटी एक नसते. २०१९ साली अमेरिकेत ही साधने ओढणाऱ्या तरुणांत फुप्फुसांचा एक गंभीर विकार पसरला. फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ रुग्ण रुग्णालयात दाखल झाल्याची किंवा मृत्यू पावल्याची नोंद झाली. त्यांपैकी ६८ दगावले. बहुतेकांनी गांजाच्या अर्काचे द्रव ओढले होते, आणि त्यांत व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेले आढळले. हेच द्रव्य गोळीच्या रूपाने पोटात घेतले किंवा त्वचेला लावले, तर सहसा अपाय करीत नाही. फुप्फुसात मात्र त्याने घात केला. बाटलीत काय आहे, हे विकणाराही जाणत नाही आणि ओढणाराही जाणत नाही, अशा वेळी आंब्याचा वास ही कसली ग्वाही?

निकोटीन या द्रव्याविषयी तर शंकाच नाही. ते व्यसन लावते, आणि वाढत्या वयातील मेंदूवर त्याची पकड अधिक घट्ट बसते. तंबाखू या देशात पोर्तुगिजांबरोबर आला. आम्ही गोव्याकडचे, आमच्या कोंकणीत धुराला ‘धुंवर’ म्हणतात. आमच्या आजोबांच्या खोकल्याने घरातील सारी मंडळी रात्रीची जागी होत. त्या धुंवराची किंमत आम्ही लहानपणीच पाहिली आहे. येथे ग्वाल्हेरात तर श्वासाचे मोल निराळे सांगावयास नको. या नगरीत तानसेनाची समाधी आहे. येथल्याच घराण्याची गायकी कृष्णराव शंकर पंडितांनी जन्मभर जोपासली. ज्या गावाची कीर्ती दमसासावर उभी आहे, त्या गावच्या मुलाने आपला दम अशा पेटीत घालवावा, हे शोभत नाही.

कायद्याचे म्हणणेही स्पष्ट आहे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी भारत सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात संसदेचा कायदा झाला. त्यानुसार विजेच्या सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा व जाहिरात यांस बंदी आहे. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. सुटे भाग जोडणे हेही कायद्याच्या दृष्टीने उत्पादनच. तेव्हा ‘ओढायची नव्हती, बनवायची होती’ हा बचाव तेथे टिकत नाही.

मग हौसेचे काय करावे?

येथवर सारे ऐकून मुलगा रडवेला झाला. परंतु सहकाऱ्यांनी त्याची पेटी पुन्हा हातात घेतली आणि त्याने दिलेला एक कथलाचा डाग आम्हांस दाखविला. “पाहा,” ते म्हणाले, “किती स्वच्छ आहे! आमच्या प्रयोगशाळेत असा डाग देणारे दुसरे कोणी नाही.” त्या वाक्याने आमचे डोळे उघडले. मुलाचे ते पहिले उत्तर उद्धटपणाचे नव्हते, खरे होते. त्याला धूर नको होता. आपल्या हातांनी काही चालते-बोलते करावयाचे होते, आणि आम्ही शाळेत त्याला तशी एकही संधी दिली नव्हती.

ही हौस आपल्या लोकांत नवी नाही. १८६७ साली मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे यंत्रांच्या नादाने लंडनला आणि पुढे अमेरिकेस गेले. छापखान्याचे खिळे पाडण्याच्या त्यांच्या यंत्राने त्यांचे नाव परदेशात झाले. आणि आपल्या ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील चांदीची आगगाडी तर तुम्ही सहलीत पाहिलीच असेल. महाराज माधवराव शिंदे यांना आगगाड्यांचे मोठे वेड होते. भोजनाच्या मेजावरील रुळांवरून ती विजेची गाडी मद्य आणि चिरूट घेऊन पाहुण्यांसमोर फिरे, आणि सुरई उचलताच थांबे. मंडल जोडले की गती, तोडले की विश्रांती, ही तिची युक्ती. तीत चिरूट भरावे की बत्तासे, हे गाडी ठरवीत नाही, माणूस ठरवितो. आमच्या कंपासपेटीचेही तसेच होते.

म्हणून आम्ही शिक्षा ठरविली ती अशी: त्याच पेटीचा दिवा करून आणावयाचा, आणि तो कसा केला ते वर्गास शिकवावयाचे. त्याच्या वडिलांना बोलावून सर्व हकिगत सांगितली. त्यांनीही ते मान्य केले. द्रवाची बाटली त्यांनी आपल्या हातांनी नष्ट केली. जुने लिथियम घट, टोकांस चिकटपट्टी लावून, विद्युत-कचरा घेणाऱ्यांकडे पोहोचविले. ते पुन्हा वापरावयाचे नाहीत, हे आम्ही तिघांनी ठरविले.

दिव्याची पेटी

कृती अशी. पेटीच्या आत सर्व बाजूंनी जाड पुठ्ठा चिकटवावा, म्हणजे पत्र्याचा तारांशी स्पर्श होणार नाही. पेन्सिलएवढे १.५ व्होल्टचे तीन साधे घट एकापुढे एक जोडावे; एकूण ४.५ व्होल्ट होतात. हे घट बाजारात तयार मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या खाचेत बसवावे. झाकणास तीन भोके पाडून त्यांत पांढरे एलईडी दिवे बसवावे. भोके पाडताना वडीलधाऱ्या माणसाने जवळ असावे. दिव्याचा लांब पाय धन बाजूस, आखूड पाय ऋण बाजूस. प्रत्येक दिव्याबरोबर ८२ ओहमचा एक रोध जोडावा आणि मंडलात एक कळ ठेवावी.

रोध ८२ च का? पांढऱ्या दिव्यास सुमारे ३ व्होल्ट लागतात. ४.५ मधून ३ वजा केले की दीड व्होल्ट उरतो. दिव्यास ०.०२ अँपिअरहून अधिक धारा देऊ नये. दीड भागिले ०.०२ म्हणजे ७५ ओहम. बाजारात त्याच्या लगतचा मोठा रोध ८२ ओहमचा मिळतो. त्यातून प्रत्येक दिव्यास सुमारे ०.०१८ अँपिअर धारा जाते, आणि तिन्ही मिळून पाव वॅट शक्ती लागते. धुराच्या पेटीस लागत होते ३५ वॅट! तिच्या एकशेचाळिसाव्या हिश्श्यात पुस्तक वाचण्यापुरता उजेड पडतो. चांगल्या घटांवर हा दिवा तीस तासांच्या आसपास चालावा.

त्या मुलाने हे गणित फळ्यावर मांडले, तेव्हा एरवी विज्ञानाच्या तासाला खिडकीबाहेर पाहणारी मुलेही पुढच्या बाकांवर येऊन बसली होती. आम्ही मागच्या बाकावर वही घेऊन बसलो होतो. एका ठिकाणी आमचे उत्तर चुकले. ते त्याने दुरुस्त करून दिले, आणि ‘सर, दशांशचिन्ह पाहा’ असे हळूच सांगितले.

ती पेटी आता त्याच्या आजींच्या उशाशी असते. रात्री वीज गेली तरी त्यांची पोथी अडत नाही. मकरसंक्रांतीस आम्ही त्यांच्याकडे तिळगूळ घेण्यास गेलो, तेव्हा त्यांनी पेटी उघडून दाखविली आणि म्हणाल्या, “सर, नातवानं केलाय हो. तुम्ही शिकवलंत ना?” आम्ही खरे तेच सांगितले, “नाही आजी, त्यानेच आम्हांला शिकवले.” आमच्या कोंकणीत लहान दिव्याला ‘दिवली’ म्हणतात. कंपासपेटीच्या त्या दिवलीला आम्ही तेच नाव दिले आहे.

मित्रहो, आता दर शनिवारी शाळा सुटल्यावर विज्ञानाच्या खोलीत तासभर असे काम चालते. मीटर आता तेथे आहे, आणि पहिला नियम हाच की जोडण्यापूर्वी मोजावे. ज्यास हौस असेल त्याने रिकामी कंपासपेटी घेऊन यावे. काही लपवून आणण्याची गरज नाही. येताना एवढे एक गणित सोडवून आणावे: तीनऐवजी दोनच घट जोडले, तर आपला पांढरा दिवा नीट लागेल काय? न लागल्यास का, आणि लागल्यास किती वेळ? उत्तर आम्ही येथे देत नाही. पेटी हातात आली की ते तुमचे तुम्हांलाच सापडेल.